चाळीस मिनिटांचा लघुपट, एक जोडतासिका आणि फळ्यावर सात आठवडे

११ मार्च २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीवर ल्युसी वॉकर यांचा ‘द त्सुनामी अँड द चेरी ब्लॉसम’ हा सुमारे ४० मिनिटांचा माहितीपट आहे. ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो पोचला होता. सुरुवातीला उंचावरून टिपलेली लाट, मग वाचलेल्या माणसांचं बोलणं, नंतर चेरीचा बहर. नववी ते बारावीच्या वर्गात शोक, परंपरा आणि आपत्ती हे तिन्ही विषय एकत्र घ्यायचे तर याच्याइतकं सोयीचं साधन क्वचित मिळतं. पण सलग लावून शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारलं, तर ‘निसर्गापुढे माणूस हतबल आहे’ या पठडीतलं एक वाक्य पदरात पडतं आणि तास संपतो.

आधीची तयारी. पूर्ण लघुपट एकट्याने दोनदा बघा, दुसऱ्यांदा हातात कागद घेऊन: लाट कुठे सुरू होते, कुठे संपते, बहर कोणत्या मिनिटाला येतो. संवाद जपानी आणि सबटायटल इंग्रजी, त्यामुळे मराठी माध्यमाची मुलं वाचण्याच्या नादात चित्र बघतच नाहीत. दाखवायच्या मुलाखतींचा मराठी गोषवारा एका पानावर छापून आधी वाचून घ्या. चित्र चालू असताना वर बोलू नका. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं दाखवायला मुभा देतं, पण प्रत रीतसर मिळवलेली हवी. शाळेच्या नेटवर विसंबू नका. लाटेच्या मध्यावर चित्र अडकून फिरकी फिरायला लागली की वर्ग हातातून गेलाच.

वर्गशिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या एक-दोन वर्षांत कोणाच्या घरी मृत्यू झालाय का? माळीण, तळीये, इर्शाळवाडीच्या आसपासची शाळा असेल तर दरडीखाली नातेवाईक गेलेली मुलं समोर बसलेली असू शकतात. अशा मुलाला आदल्या दिवशी एकटं गाठून काय दाखवणार ते सांगा आणि न बसण्याची मोकळीक द्या. ऐन वेळी सगळ्यांसमोर ‘तुला चालेल ना रे?’ विचारलं, तर तो ‘हो’ म्हणणारच.

तासिका ३५ मिनिटांची धरली तर जोडतासिकेत ७० मिनिटं मिळतात. पहिला दिवस लाटेवर संपवून बहर दुसऱ्या दिवशी दाखवू नका. मुलं ती लाट घेऊन घरी जातात.

पहिली ५ मिनिटं: काय दिसणार ते आधीच सांगा. घरं वाहून जाताना दिसतील, माणसांच्या हाका ऐकू येतील. धक्का बसावा म्हणून लपवून ठेवण्यात काही हशील नाही. दाराजवळच्या दोन जागा रिकाम्या ठेवा. बाहेर जायला परवानगी लागणार नाही हे स्पष्ट करा. पूर्ण अंधार करू नका, मुलांचे चेहरे तुम्हाला दिसले पाहिजेत. आवाज निम्म्यावर ठेवा, कारण चित्रापेक्षा त्या हाकाच जास्त लागतात.

पुढची १५ मिनिटं लाट आणि निवडलेल्या मुलाखती. कोणी हसलं तर ओरडू नका, धास्तीचं हसू असतं ते. ‘ते पळाले का नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात मेलेल्यांना मूर्ख ठरवण्याचा धोका असतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. भूकंप दुपारी २:४६ ला झाला. तीन मिनिटांत इशारा निघाला, पण त्यात किनाऱ्यावरच्या प्रांतांपैकी मियागीला लाटेचा अंदाज ६ मीटर आणि इवाते, फुकुशिमाला ३ मीटर होता. नंतर तो वाढवत नेला, तोवर बऱ्याच ठिकाणी वीज गेलेली. ३ मीटर ऐकलेल्या माणसाला समोरची संरक्षक भिंत पुरेशी वाटली.

बहर सुरू होण्याआधी थांबवा. आता फळा. ११ मार्च ते २८ एप्रिल असे सात आठवड्यांचे चौकोन आखा. जपानी बौद्ध रीतीत मृत्यूनंतरचा ४९वा दिवस महत्त्वाचा आणि मृत्यूचा दिवस पहिला धरतात, म्हणून तो २८ एप्रिलला आला. मियागीतल्या सेंदाई शहराच्या बाजूला चेरी फुलते साधारण एप्रिलच्या मध्याला. ते चौकोन रंगवा. बहर नेमका शोकाच्या दिवसांत पडलेला मुलांना स्वतःलाच दिसतो. त्यात भर घाला: सुमारे १५,९०० मृत आणि अडीच हजारांवर बेपत्ता. ज्याचा देहच मिळाला नाही त्याचा ४९वा दिवस घरच्यांनी कुठून मोजायचा? अकरावी-बारावीला आणखी एक सांगता येईल. दहनाची सोय अपुरी पडल्याने मियागीत अनेकांना तात्पुरतं पुरावं लागलं आणि पुढे बाहेर काढून दहन केलं. कोविडमध्ये नातेवाइकांशिवाय उरकलेले अंत्यविधी मुलांना आठवतील. आठवू द्या, पण नाव घेऊन कोणाला विचारू नका.

इथे १५ मिनिटं गेलेली असतात. मग १० मिनिटं बहराचा भाग, आणि त्यावर २० मिनिटं एकच प्रश्न: त्या वर्षी फुलं बघायला जावं का? चेरीखाली जमून खाणंपिणं करायच्या प्रथेला हनामी म्हणतात. टोकियोचे तेव्हाचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी हनामी आवरा असं सांगितलं. उलट आपत्तीग्रस्त इवातेतल्या साके बनवणाऱ्यांनी आवाहन केलं की हनामी करा, आमच्याकडची साके घ्या. सगळेच संयम पाळत बसले तर आमचा धंदा बसेल. (साके म्हणजे तांदळाची दारू. वर्गात खसखस पिकेल, पिकू द्या.) वर्ग दोन गटांत वाटा आणि १० मिनिटांनी बाजू बदलायला लावा. बाजू बदलली नाही तर ही नुसती वादविवाद स्पर्धा होते. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळांपुढे गणेशोत्सवात हाच पेच होता, हे कोणीतरी आपणहून काढतं. नाही काढलं तर तुम्ही काढा.

शेवटची ५ मिनिटं गृहपाठ समजवायला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं: माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी आपल्यात कोणते सण करत नाहीत, आणि दिवाळीत आपल्याकडे कढई चढत नाही तेव्हा फराळ कोण आणून देतं? अर्धं पान पुरे. तेरावा हाच दंडक धरू नका. कोणाच्या घरी चाळीसावा असेल, कोणाकडे पुण्यानुमोदन, कोणाकडे चर्चमधली प्रार्थना. फराळाऐवजी तिथे काय येतं तेही लिहू द्या. गुण द्यायचेच असतील तर माहितीला आणि कारणमीमांसेला द्या, भावनेला नाही. मृतांना पत्र लिहिणं, त्सुनामीचा प्रसंग नाट्यरूपात करणं हे टाळाच. दिसायला छान दिसतं, पण दुःख झालेल्या मुलाला त्यात लपायला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना गप्प झालेली, डबा न खाणारी मुलं टिपून ठेवा. आठवडाभरात फरक पडला नाही तर पालकांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक वर्गाच्या फलकावर आधीपासून लिहिलेला असू द्या, म्हणजे तो कोण्या एकासाठी लिहिला असं वाटत नाही.