नळाच्या पाण्यातलं शिसं शोधताना: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. करून पाणी तपासणीच्या लॅबमध्ये रुजू झालेल्या प्रत्येकाला आल्या आल्या आयसीपी-एमएसवर, म्हणजे पाण्यातले अगदी थोडे धातूही मोजणाऱ्या यंत्रावर, बसायचं असतं. साहजिक आहे, मशीन महागडं आणि रुबाबदार. पण शिशाचा आकडा खरा येणार की नाही, ते बहुतेकदा नळापाशी आणि बाटलीतच ठरतं.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी (अब्ज भागांत दहा भाग). इतक्या बारीक प्रमाणात टेबलावरची धूळसुद्धा गोंधळ घालते. म्हणून पॉलिथिनच्या बाटल्या पातळ नायट्रिक आम्लात बुडवून, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने खळबळून घ्यायच्या. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि रिपोर्ट उगाच छान येतो. हे आम्ल ट्रेस मेटल ग्रेडचंच, म्हणजे स्वतःत धातूंचा अंश जवळपास नसलेलं, हवं. खरेदी विभाग स्वस्तातलं आणू बघतो, तिथे अडून बसा.

नळावर नेमकं काय शोधताय ते आधी ठरवा. घरातल्या पितळी नळातून किंवा जुन्या पीव्हीसी पाइपमधून शिसं उतरतंय का बघायचं असेल, तर रात्रभर साचलेलं, सकाळचं पहिलं एक लिटर घ्या. नळ आधी सोडून ठेवायची सवय जीवाणू तपासणीतून आलेली असते. इथे तिने नेमकं हवं ते पाणी मोरीत जातं. अमेरिकेत फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी घेताना गंजरोधक घातलंच नाही, आणि पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं. वर नमुन्याआधी नळ वाहू द्यायच्या सूचना होत्या, त्यामुळे आकडे कमी दिसत राहिले.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे टाकी. पाणी ठरावीक वेळ येतं, उरलेला वेळ आपण गच्चीवरच्या टाकीचं पितो. नमुना थेट पालिकेच्या लाइनचा की टाकीचा, हे लेबलवर नसेल तर दोष कुणाच्या पाइपात ते कळणार नाही.

मशीनवर बसाल तेव्हा दर बॅचला ब्लँक (नमुन्याशिवायचं कोरं पाणी) आणि स्पाइक रिकव्हरी (नमुन्यात मुद्दाम घातलेला धातू मोजणीत किती परत मिळतो ते) बघा. याच मशीनवर आर्सेनिक मोजताना पाण्यातल्या क्लोराइडकडे लक्ष ठेवा: मशीनमधला आर्गॉन वायू आणि क्लोरीन जोडीने आर्सेनिकइतकंच, ७५, वस्तुमान दाखवतात, म्हणून अशा जोड्या अडवणारा हीलियमचा कोलिजन सेल लागतो.

आणि सोसायटीचे सेक्रेटरी टीडीएस मीटर पुढे करतीलच. तो वाहकतेवरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, १० पीपीबी शिसं त्याला दिसत नाही. हे न चिडता समजावणंही तुमच्याच पगारात बसतं.