वेचणीच्या वहीतून ॲप कसं काढायचं

ॲप काय बनवू, असं पोरं विचारतात. मी म्हणतो, आधी गावातली एक वही शोध. आमच्या दारव्ह्याकडे कापूस वेचणीचा हिशोब अजून वहीतच असतो: बाईचं नाव, रोजचे किलो, घेतलेली उचल. चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, बाजाराच्या दिवशी.

वही हातात घेऊन नीट बघा. एका पानावर तीन वच्छला निघतील. एकीपुढे 'पांदणवाली' लिहिलेलं, दुसरीपुढे 'मारोतीची'. म्हणजे आडनावाच्या रकान्यापेक्षा या ओळखीला जागा पाहिजे. मजुरी किलोमागे, पण हंगामभर एकच नाही. शेवटच्या वेच्याला बोंडं विरळ, दर चढा. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत त्या दिवसाचा दर साठवा. आज दर बदलला आणि मागच्या हप्त्याचा हिशोबही बदलला, तर कास्तकार तुमचं ॲप पुन्हा उघडणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

वावरात रेंज नसते. माहिती फोनमध्येच ठेवा, रेंज आली की बॅकअप. उघडल्या उघडल्या लॉगिन मागू नका. ॲप लिहायला फ्लटर की कोटलिन? जे येतं त्यात करा.

प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं खातं २५ डॉलरला, एकदाच. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. खरी कसरत पुढे आहे. नवीन वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त बोलावलेल्यांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. गावात माणसं मिळतात हो, त्यांचा जीमेल मिळत नाही! तो मोबाईल दुकानदारानं उघडून दिलेला असतो. फोन हातात घ्यायचा, प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवायचं, पत्ता उतरवून घ्यायचा. चाचणीची लिंकही तिथंच, समोर बसून स्वीकारायला लावा. बारावर थांबू नका, चारदोन जास्तीचे धरा. कोणीतरी मध्येच बाहेर पडतोच.

नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना-मात्राही मोजल्या जातात. 'कापूस वेचणी हिशोब' आरामात बसतं. 'स्मार्ट', 'प्रो' कशाला? शोधणारा तसं शोधत नाही.

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी कृषी केंद्राच्या बाकावर बसा. दसऱ्याच्या आसपास, वेचणी सुरू होण्याआधी. ॲपचे गुण सांगत बसू नका. भाऊंची वही मागा, त्यांच्याच फोनवर चार नावं भरून द्या आणि चुकाऱ्याची बेरीज दाखवा. काकू बाजूला असतील तर त्यांनाच दाखवा, बऱ्याच घरी वही त्यांच्याकडे असते.

पैसे वर्षाचे एकदाच घ्या, तेही पहिला चुकारा ॲपवर होऊ दिल्यावर. प्ले स्टोअर त्यातून आपला वाटा कापतं, तो धरूनच भाव ठरवा. आणि हंगाम चालू असताना बटणांच्या जागा हलवू नका. काय नवीन करायचं ते पऱ्हाटी उपटल्यावर.