सुट्टीच्या फोटोंमधले डाग काढताना या चुका टाळा

फिरून आल्यावर फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडले की मग दिसायला लागतं, आकाशात करडे ठिपके, कोपऱ्यात केशरी रंगाची तारीख, कुणाच्या तरी डोक्यावरून गेलेली वायर. हे सगळं काढता येतं, पण घाईत काढलं की डागाच्या जागी फराटा उमटतो आणि एक वेळ डाग परवडला पण फराटा नको, कारण छोटा ठिपका बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पुसलेली जागा मात्र लगेच खटकते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे डाग कसला आहे हे न बघताच ब्रश हातात घेणं. चार-पाच फोटो एकामागोमाग एक बघा. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल तर ती सेन्सरवरची (कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या चिपवरची) धूळ, ती एफ १६ किंवा एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना, ठळक दिसते आणि एफ २.८ ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, जवळजवळ गायब होते. असे ठिपके लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोत काढून तेच बदल बाकीच्यांना सिंक (म्हणजे लागू) करता येतात, फक्त नंतर प्रत्येक फोटो डोळ्याखालून घाला, कारण एका फोटोत तिथे आकाश असेल आणि दुसऱ्यात नेमका कुणाचा तरी गाल. ठिपके शोधायला तिथे व्हिज्युअलाइज स्पॉट्स हा ऑप्शन आहे, तो चालू केला की साध्या नजरेला न दिसणारेही सापडतात. लेन्सवर बोटाचा ठसा असल्याने सगळा फोटोच धुरकट झाला असेल तर मात्र डाग पुसणारं कुठलंही टूल कामाचं नाही, तिथे कॉन्ट्रास्ट आणि डीहेझने (धुरकटपणा कमी करणाऱ्या स्लायडरने) जेवढं सुधारेल तेवढंच.

आता टूल कुठलं घ्यायचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात. हीलिंग ब्रश नुसतं कॉपी करत नाही, तो आजूबाजूचा रंग आणि उजेड बघून मिसळतो, म्हणून आकाश, वाळू, पाणी, त्वचा इथे तो मस्त चालतो. पण डाग एखाद्या कडेला चिकटून असेल, म्हणजे क्षितिजाची रेघ, इमारतीचा कोपरा, केसांची कड, तर तोच ब्रश कडेचा गडद रंग आत ओढतो आणि काळपट ढग तयार होतो. मग लोक त्याच ढगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत बसतात आणि तो पसरतच जातो! तसं झालं की अनडू करा आणि क्लोन स्टॅम्प घ्या, तो जसंच्या तसं उचलतो, फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून आणि गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल दाबून सोर्स (जिथून उचलायचं ती जागा) निवडायचा. कडेच्या पलीकडे ब्रश जाऊ नये म्हणून आधी सिलेक्शन करून ठेवलं तर आणखी चांगलं.

वायर काढायची असेल तर ती एका झटक्यात टोकापासून टोकापर्यंत पुसू नका. जिथे ती भिंतीला किंवा झाडाला टेकते तिथे आधी क्लोनने छोटा तुकडा तोडा, मग मधला आकाशातला भाग हीलिंगने काढा, एका टोकाला क्लिक करून शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाला क्लिक केलं की सरळ रेघ मिळते. तारखेचंही तसंच, खाली गवत किंवा दगड असतील तर एकेक आकडा वेगळा घ्या. आणि ती अगदी कोपऱ्यात असेल तर क्रॉपनेच काम होतंय का ते आधी बघा ना. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात तारीख छापायची सेटिंगच बंद ठेवा, तारीख फाइलच्या माहितीत तशीही सेव्ह होते.

क्लोन करताना एकाच जागेवरून उचलत राहिलात तर तोच दगड, तीच लाट तीनदा दिसते, म्हणून सोर्स बदलत राहा. मागचा माणूस काढला आणि त्याची सावली वाळूवर तशीच राहिली, हेही खूप होतं, पाण्यातलं प्रतिबिंब तर हमखास विसरलं जातं. रात्रीच्या फोटोत ग्रेन (बारीक दाणेदारपणा) असतो, तिथे एकदम सॉफ्ट ब्रश वापरला की गुळगुळीत चट्टा पडतो, कड थोडी हार्ड ठेवा.

मोबाईलवर स्नॅपसीड ॲपचं हीलिंग वापरत असाल तर झूम करा, झूम केल्यावर ब्रश आपोआप बारीक होतो, न झूम करता बोट फिरवलं की नको तेवढा भाग जातो. एआयवाले इरेजर मोठ्या वस्तू पटकन काढतात, पण मागे काय होतं हे त्यांना माहीत नसतं, ते अंदाजाने भरतात, त्यामुळे खिडक्या, रेलिंग, हाताची बोटं १००% झूमवर नक्की तपासा.

आणि प्लीज, मूळ फाइलवर काम करू नका. नवीन रिकामी लेयर (फोटोवरचा पारदर्शक थर) घ्या, फोटोशॉपमध्ये करंट अँड बिलो आणि गिम्पमध्ये सॅम्पल मर्ज्ड हा खालच्या थरातून उचलायचा ऑप्शन चालू करा, म्हणजे बिघडलं तर तेवढाच भाग खोडता येतो. जेपेग उघडून बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी क्वालिटी थोडी घसरते, म्हणून काम चालू असेपर्यंत पीएसडी (फोटोशॉपची फाइल) किंवा एक्ससीएफमध्ये (गिम्पची फाइल) ठेवा. दुसऱ्या कुणी काढलेल्या फोटोवरचा वॉटरमार्क मात्र पुसू नका, ती त्यांची मेहनत आहे, फोटो हवा असेल तर त्यांच्याकडेच मागा.

ठिपके प्रत्येक ट्रिपमध्ये परत येत असतील तर कॅमेऱ्यातलं सेन्सर क्लीनिंग चालवून बघा, नाही गेले तर लेन्स काढून कॅमेरा तोंड खाली धरून हाताच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब सेन्सरवर बसले की ते ब्लोअरने निघत नाहीत.