सत्राच्या शेवटच्या महिन्यात गुण कुठे गळतात? या चुका टाळा

पोर्टलवर ७१ टक्के दिसतात म्हणून निर्धास्त राहणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. तो आकडा कशाची सरासरी आहे, हे आधी बघा. कित्येकदा पोर्टल फक्त तपासून झालेलं काम मोजतं. न दिलेल्या असाइनमेंटची रिकामी चौकट तोवर शून्य धरलेलीच नसते. कधी सगळ्या घटकांची साधी सरासरी लावलेली असते, भारांक, म्हणजे एकूण गुणांतला प्रत्येक घटकाचा वाटा, धरलेलाच नसतो.

म्हणून कागद घ्या आणि अभ्यासक्रमपत्रिकेतले भारांक उतरवून काढा. समजा असाइनमेंट २०, मध्यसत्र ३०, प्रकल्प १०, अंतिम परीक्षा ४०. पहिल्या तिघांत अनुक्रमे ७५, ५८ आणि ८० टक्के मिळालेत. साधी सरासरी ७१ येते. भारांक लावला की १५ + १७.४ + ८, म्हणजे ६० पैकी ४०.४. हे ६७ टक्क्यांच्या जेमतेम वर आहे. आता एकूण ७० हवे असतील तर अंतिम परीक्षेत ४० पैकी २९.६, म्हणजे ७४ टक्के लागतील. ८० हवे असतील तर ९९ टक्के. ते स्वप्न इथेच सोडलेलं बरं, तेवढे तास दुसऱ्या विषयाला मिळतील. नुसत्या ५० साठी २४ टक्के पुरतात. पण अंतिम परीक्षेत वेगळं उत्तीर्ण व्हावं लागत असेल तर हा हिशेब फसवा ठरतो. ती अट आधी वाचा.

आवडत्या विषयालाच तास देणं

सगळ्या विषयांची अशी बेरीज झाली की दुसरी चूक आपोआप दिसते. ग्रेड पट्ट्यांत मिळत असेल, म्हणजे समजा ६० ते ६९ ला एकच ग्रेड असेल, तर ६१ चे ६८ केल्यानं ग्रेडमध्ये काहीच बदलत नाही. शेजारच्या विषयात ५८ वर अडकला असाल तर तिथले दोन गुण पूर्ण पायरी चढवतात. त्यात क्रेडिटही धरा: ४ क्रेडिटच्या विषयातली एक पायरी म्हणजे २ क्रेडिटच्या विषयातल्या दोन पायऱ्या. अवघड वाटणारा विषय आणि गुण शिल्लक असलेला विषय एकच असेल असं नाही.

अर्धवट काम देण्यापेक्षा न दिलेलं बरं, हा समज

अभिमान महागात पडतो तो इथे. दहा सारख्या भारांकाच्या असाइनमेंटपैकी नऊमध्ये ८० आणि एकात शून्य असेल तर सरासरी ७२. तीच दहावी ४० गुणांची, ओबडधोबड का होईना, दिली तर ७६. उशिराची कपात असेल तर ती कशातून होते ते विचारून घ्या. ७० गुणांचं काम ३ दिवस उशिरा दिलं आणि रोज १० टक्के कपात असेल, तर एकूण १०० मधून कापल्यास हातात ४० उरतात, मिळालेल्या गुणांमधून कापल्यास ४९. अमुक दिवसांनंतर काम घेतच नाहीत का, हेही बघा. सर्वांत कमी गुणांची एक असाइनमेंट वगळण्याचा नियम असेल तर मात्र तुमचं ते एकमेव शून्य फुकटचं आहे. त्यासाठी रात्र जागू नका.

‘दोन दिवसांत होईल’

होत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, सगळंच बिघडलं तर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. उपाय साधा आहे: मागच्या तशाच कामाला खरोखर किती वेळ लागला तो आकडा घ्या, या वेळचा उत्साह बाजूला ठेवा. गटप्रकल्पात तर प्रत्येकाचा भाग मुदतीच्या निदान दोन दिवस आधी मागा. तुकडे जोडणं, संदर्भ एकसारखे करणं हे काम कुणाच्याच वाट्याला लिहिलेलं नसतं आणि शेवटच्या रात्री सापडतं.

काम झालं, पण पोहोचलंच नाही

‘जतन करा’ दाबलं आणि ‘सादर करा’ राहिलं. जुनीच फाइल चढली. ऑनलाइन दस्तऐवजाची लिंक दिली, पण उघडण्याची परवानगी दिली नाही. अपलोड झाल्यावर तीच फाइल पोर्टलवरून परत उतरवून उघडा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘१५ तारखेच्या रात्री १२’ म्हणजे १४ संपताना की १५ संपताना? शंका असेल तर आधीची वेळ धरा.

परीक्षेच्या तयारीत पुन्हा पुन्हा वाचणं मन शांत करतं, गुण देईलच असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. परीक्षा आठवड्यावर असेल तर वही मिटून लिहा.

शिक्षकांना ‘सर, काही करता येईल का?’ एवढंच लिहू नका, त्याला उत्तर देता येत नाही. विषय, हजेरी क्रमांक, कोणती असाइनमेंट, किती झाली आणि कोणत्या तारखेला देणार, एवढं पाच ओळींत बसतं. बेरजेची चूक असेल तर उत्तरपत्रिकेचं पान दाखवा, तेही गुण अंतिम होण्याआधी.

विषय सोडण्याचा किंवा ‘अपूर्ण’ शेरा घेण्याचा विचार असेल तर त्याची मुदत बहुधा परीक्षेच्या आधीच संपते. ‘अपूर्ण’ साधारणपणे बहुतेक काम झालेलं असताना, अनपेक्षित कारणासाठीच मिळतो. अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: क्रेडिट कमी झाल्यानं शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाची अट मोडते का, आणि उरलेलं काम कोणत्या तारखेपर्यंत न दिल्यास तो शेरा नापासात बदलतो.