खडकाळ जागेसाठी धायटी

धायटी हे लाल फुलांचं झुडूप; तिचं बी धुळीइतकं बारीक असतं. रोपं उगवत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच, कारण लोक ते मातीत पुरतात. पुरायचं नाही.

उन्हाळ्यात फुलांच्या नळ्या वाळून तपकिरी झाल्या की फांदीवरून ओरबाडून कागदावर चुराव्यात, बी खाली पडतं. ते मूठभर बारीक वाळूत मिसळून चाळलेल्या मातीवर भुरभुरायचं आणि तळव्याने हलकं दाबायचं, बस. वरून झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कडेला गोळा होतं. म्हणून मी कुंडीच पाण्याच्या घमेल्यात ठेवते, माती खालून पाणी ओढून घेते. चार-सहा पानं आली की रोपं पिशव्यांत हलवा. पहिलं वर्ष त्यांना पिशवीतच काढू द्या, पुढच्या पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावा.

जागा उन्हाची आणि उताराची हवी. मुरूम, दगडगोटे चालतात. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर ती अशाच जमिनीत वाढते. पाणी साचणारी जागा मात्र टाळाच. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवा, फांद्या लांब वाढून कमानीसारख्या झुकतात. शेणखताचा मारा करू नका, नुसता पालाच माजतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी द्या, मूळ धरल्यावर तेही बंद.

पानाच्या पाठीवर बारीक काळे ठिपके दिसतील. तो रोग नाही, पानातल्या ग्रंथी आहेत. त्यासाठी औषध फवारू नका. खरं तर या झाडावर कधीच फवारू नका, कारण जानेवारी ते एप्रिल सगळी वर्दळ फुलांवरच असते. फूल जवळून बघा: लाल दिसते ती पाकळी नव्हे, निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टनाची नळी. पाकळ्या इवल्याशा, नळीच्या तोंडाशी असतात. मध तळाशी. शिंजीर हा चिमुकला पक्षी फांदीला लटकून बाकदार चोच आत घालतो आणि नळीबाहेर आलेले पुंकेसर त्याच्या कपाळाला परागकण फासतात. मधमाश्याही दिवसभर असतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर इतका मध देणारं झुडूप कमी पाण्यावर जगतं, म्हणून प्रत्येक कुंपणाला ते असावं असं मला मनापासून वाटतं.

छाटणी बी गोळा केल्यावर, पाऊस पडण्याआधी. जुन्या, जाड फांद्या बुंध्याजवळून काढा. पावसाळ्यानंतर कात्री लावलीत तर येणारा बहरच कापला जाईल.