जुन्या पेट्रोल गाडीचा पिकअप कमी झाल्यास दोष कसा शोधावा

पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी पूर्वी ज्या घाटात तिसऱ्या गिअरवर सहज चढत असे, तिथे दुसरा गिअर मागू लागली की बहुतेक मालक थेट प्लग बदलून मोकळे होतात. प्लगने फरक पडला नाही तर प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, मग पेट्रोलचा पंप, आणि शेवटी ‘इंजिनाचेच काम काढावे लागेल’ हा निकाल ठरलेला असतो. मी स्वतः या वाटेने बरेच पैसे घालवले आहेत. त्यामुळे सुटे भाग घेण्यापूर्वी ताकद इंजिनात तयारच होत नाही, की तयार होऊन चाकांपर्यंत पोहोचत नाही, हे आधी ठरवावे असे माझे ठाम मत झाले आहे. पुढील क्रम इंधन-इंजेक्शन असलेल्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला धरून दिला आहे.

सुरुवात क्लचपासून करावी. मोकळ्या, किंचित चढाच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज झपाट्याने चढला आणि वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे. जळकट वास आला तर शंकेला जागाच उरत नाही. ब्रेक अडकून चालत असतील तर लक्षण वेगळे असते: सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी पूर्वीसारखी तरंगत जात नाही, लवकर थांबते. दहा-बारा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक लावत चालवून गाडी थांबवावी आणि प्रत्येक रिमजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू न्यावी. एकच चाक तापलेले जाणवले तर दोष तिथे आहे. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभ्या ठेवलेल्या गाडीची केबल गंजून मागचे लायनर ड्रमला घासत राहणे, हे आपल्याकडे वरचेवर दिसते.

त्यानंतरची तपासणी फुकटची आहे आणि बहुधा म्हणूनच ती कोणी करत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे व दुसऱ्याने बॉनेटखाली थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, लिव्हर स्टॉपरला टेकतो का, ते पाहावे. केबल सैल असेल किंवा पेडलखाली जाड मॅट सरकून आली असेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. उघडलेल्या बॉनेटखालीच एअर फिल्टरचा डबाही पाहावा. धूळ तर असतेच, पण पार्किंगमध्ये बराच काळ उभ्या राहिलेल्या एका गाडीच्या डब्यात मला उंदरांनी साठवलेली शेंगांची टरफले आणि कुरतडलेला कापूस मिळाला होता.

इंधन कमी पडते आहे की ठिणगी, हे बऱ्याचदा गाडी चालवतानाच कळते. गाडी नीट सुरू होते, शांत चालते, परंतु लांब चढावर किंवा वेग वाढल्यावर दम सोडते आणि पाय काढून पुन्हा दिल्यावर क्षणभर सावरते, असे असेल तर पेट्रोल फिल्टर, टाकीतील जाळी आणि पंप यांच्यावर संशय घ्यावा. अनेक गाड्यांत इंधनाचा दाब सुमारे ३ बार असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. गेज लावून तो दाब नुसत्या आयडलवर नव्हे, तर रेस दिल्यावरही टिकतो का, हे बघणे महत्त्वाचे. याउलट भार येताच गाडी झटके देत असेल, म्हणजे मिसिंग करत असेल, तर प्लग काढून त्यांची टोके शेजारीशेजारी ठेवावीत. फिकट तपकिरी रंग ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि तेलकट ओल म्हणजे इंजिनातील झीज. प्लग वायर असलेल्या गाडीचे बॉनेट रात्री पूर्ण अंधारात, इंजिन चालू ठेवून उघडल्यास फुटलेल्या वायरीवरून उड्या मारणाऱ्या निळ्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात. मात्र तेव्हा हात लावू नये. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर उपयोगी असला तरी भारतात ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची प्रमाणित व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या अनेक गाड्या स्वस्त स्कॅनरला दाद देत नाहीत.

माझ्या गाडीत मिसिंग नव्हते, झटके नव्हते. रेस वाढवावी तशी ती जणू कुणी तोंडावर हात धरल्यासारखी गुदमरत असे. हे चोंदलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतील धूर शुद्ध करणाऱ्या डब्याचे, लक्षण आहे. गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर मुठीने ठोकले, तर आतून डब्यात खडे हलावेत तसा आवाज आला. खात्रीसाठी मिस्त्रीने कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकाला गेज लावले. साधारणपणे इंजिनाच्या मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दाब ०.२ बारच्या आत असावा. माझ्या गाडीत तो दुपटीहून अधिक होता. कारण मागे शोधल्यावर सापडले: वर्षभरापूर्वी एक कॉइल खराब असूनही मी गाडी तशीच चालवत राहिलो, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत राहिले आणि आतली जाळी वितळली. म्हणून मिसिंग पूर्ण बरे केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे तोही जाळणे होय. आतली जाळी फोडून रिकामा डबा लावण्याचा सल्ला काही गॅरेजांत मिळतो. तो मानू नये, कारण त्याने धूर विषारी होतो.

एवढे सगळे ठीक निघाले तरच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, इंधन व इग्निशन बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून स्टार्टर फिरवावा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहावा. तो साधारण १५ टक्क्यांहून जास्त नसावा. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सर्वच सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर इंजिन खोलण्याआधी व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला आहे का, त्याच्या खुणा जुळवून पाहाव्यात.