सनरूफवाल्या जुन्या सेडानमध्ये पाणी येतंय? आधी नळ्या बघा

लाखभर किलोमीटर पळालेली सेकंड-हँड स्पोर्ट्स सेडान घेतली आणि पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट ओलं झालं, तर लगेच रबर बीडिंग बदलायला धावू नका. बहुतेकदा सनरूफच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या धूळ-पाचोळ्याने तुंबलेल्या असतात.

१. सनरूफ पूर्ण उघडा, खाचेतला चिखल ओल्या फडक्याने पुसा.
२. पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा कप पाणी हळूच ओता. पुढच्या दाराच्या बिजागरीजवळून किंवा चाकाच्या बाजूने ते खाली यायला हवं.
३. आलं नाही तर गवत कापायच्या मशीनची २ मिमी नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने वितळवून गोल करा आणि फिरवत फिरवत आत सरकवा. पुन्हा पाणी ओतून बघा.

मागच्या नळ्या विसरू नका. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत असते, आणि तिथे साचलेलं पाणी कार्पेटपेक्षा फार महागात पडतं.

कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. जुनी नळी आतल्या आत निसटली, तर छताचं अस्तर उतरवावं लागतं.